सात मिनिटं तिची, आठ टेबलाची

टोरांटोच्या हॉट डॉक्स महोत्सवात माहितीपटांसाठी पैसा उभा करण्याचा जो बाजार भरतो, त्याला फोरम म्हणतात. महोत्सव १९९३चा, फोरम २०००पासूनचा. एका लांब टेबलाभोवती देशोदेशींच्या वाहिन्यांचे कमिशनिंग एडिटर, अनुदान देणाऱ्या संस्थांची माणसं आणि वितरक बसतात. दिग्दर्शक आणि निर्माता टेबलाच्या टोकाशी उभे राहतात. सात मिनिटं त्यांची, ट्रेलर धरून. पुढची आठ मिनिटं टेबलाची. मागच्या खुर्च्यांवर बसलेल्यांनी फक्त ऐकायचं. वेळ संपली की पुढची जोडी. पिच म्हणतात ते हेच.

मी संकलक आहे. एका टेक्सन दिग्दर्शिकेचा ट्रेलर मी कापला होता, म्हणून मागच्या खुर्च्यांत मला जागा मिळाली. ती मेक्सिकन-अमेरिकन, रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात वाढलेली. टोरांटोत पहिल्यांदाच येत होती. घरून निघाली तेव्हा तिकडे उन्हाळा लागला होता. इथे एप्रिल संपत आला तरी लोकांच्या अंगावरचे कोट उतरले नव्हते. पहिल्याच संध्याकाळी ब्लूर स्ट्रीटवर तिने जाकीट घेतलं आणि मग हॉटेल ते हार्ट हाउस एवढंच तिचं टोरांटो झालं. हार्ट हाउस ही टोरांटो विद्यापीठाची १९१९ची दगडी इमारत. तिच्या ग्रेट हॉलमध्ये उंच लाकडी छत आहे आणि भिंतींवर वरच्या बाजूने मिल्टनच्या गद्यातल्या ओळी रंगवलेल्या आहेत. मिल्टनने तो मजकूर लिहिला होता छपाईवरच्या सरकारी परवान्याविरुद्ध.

शहर अनोळखी असलं तर नकाशा मिळतो. टेबल अनोळखी असलं तर तो आपला आपण करावा लागतो. तिच्याकडे घडी घालून घालून मऊ पडलेला एक कागद होता. त्यावर टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाचा छोटा फोटो, वाहिनी आणि त्या वाहिनीने अलीकडे घेतलेले चित्रपट. कॉफीच्या रांगेत ती तो कागद चोरून पाहायची. कोण स्वतः निर्णय घेतो आणि कोण घरी जाऊन साहेबांना विचारतो, हे कागदावर नसतं. ते ज्यांना ठाऊक असतं ती माणसं इथे दरवर्षी येतात, एकमेकांना मिठ्या मारतात, मुलांची चौकशी करतात. पहिल्यांदा येणारा तिथेच दोन पावलं मागे पडतो.

तिचा चित्रपट कोलोनियांवर आहे. टेक्सासच्या सीमेलगत अशा हजारो वस्त्या आहेत. शहराच्या हद्दीबाहेरची पडीक किंवा शेतीची जमीन विकासक स्वस्तात घ्यायचे, तुकडे पाडायचे आणि हप्त्यांवर विकायचे. पाणी नाही, गटार नाही, रस्ता म्हणजे पावसात चिखल. करार असा की शेवटचा हप्ता फिटेपर्यंत खरेदीखत विकणाऱ्याकडेच. एक-दोन हप्ते चुकले तर भरलेले पैसे गेले, वर बांधलेलं घरही गेलं. १९९५मध्ये टेक्सासने कायदा करून या व्यवहाराला बराच लगाम घातला, पण तोवर माणसं राहायला आली होती. घरं ती स्वतःच बांधतात, पैसा येईल तशी. या वर्षी एक खोली, पुढची जमेल तेव्हा.

तिने पहिल्यांदा फुटेज पाठवलं तेव्हा मला कुपवाड आठवलं. सांगलीकडे गुंठेवारीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे, स्टॅम्पपेपरवरचा व्यवहार, नळाची वाट पाहत टँकरपुढे लावलेल्या घागरी, स्लॅबवर पुढच्या मजल्यासाठी मोकळ्या सोडलेल्या सळ्या. आपल्याकडे २००१मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, तेव्हा घरोघरी कागद शोधायची धांदल उडाली होती. तिच्या चित्रपटातल्या बाई तेच करत होत्या, फक्त स्पॅनिशमध्ये.

ट्रेलरमध्ये काय ठेवायचं यावर आम्ही खूप भांडलो. निर्मात्याला सुरुवातीला नदी आणि सीमेवरची भिंत हवी होती, म्हणजे पाहणाऱ्याला आपण कुठे आहोत ते दहा सेकंदांत कळतं. त्याचं म्हणणं धंद्याच्या हिशेबाने खरं होतं. ती म्हणाली, भिंत दाखवली की पुढचं कुणी पाहतच नाही; पाहणाऱ्याने तो चित्रपट आधीच पाहिलेला असतो. शेवटी मी एक शॉट पुढे आणला. बाई स्वयंपाकघरात बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडतात. आत हप्त्यांच्या पावत्या, वर्षावार रबरबँड लावलेल्या. एक रबरबँड इतका जुना की हात लागताच तुटतो. त्या थांबतात, बोट ओलं करून पावत्या मोजतात, दुसरा रबरबँड शोधायला उठतात. कॅमेरा डब्यावरच राहतो आणि शेजारच्या खोलीत ड्रॉवर उघडल्याचा आवाज येतो. हा शॉट मी तोडला नाही. तीन मिनिटांच्या ट्रेलरमध्ये इतका वेळ एका डब्याला देणं धोक्याचं असतं. पण ती बाई कोण आहे हे त्या रिकाम्या फ्रेममध्ये जेवढं कळतं, तेवढं मुलाखतीत कळत नाही.

भिंतीचा प्रश्न एका ट्रेलरपुरता नाही. २०२०च्या जनगणनेप्रमाणे अमेरिकेत सहा कोटींहून अधिक लॅटिनो आहेत, लोकसंख्येच्या सुमारे १९ टक्के. त्यांच्या कथांसाठी सार्वजनिक दूरचित्रवाणीकडे पैसा जावा म्हणून १९९८मध्ये लॅटिनो पब्लिक ब्रॉडकास्टिंग ही संस्था निघाली. अभिनेते एडवर्ड जेम्स ओल्मोस तिच्या संस्थापकांपैकी. अशी दारं आहेत, पण मोजकी. बाकी दारांवर ओळखीचे विषय चालतात : सीमा ओलांडणं, अमली पदार्थ, हद्दपारी. हे विषय खोटे नाहीत. पण एका समाजाकडे कायम तेच मागत राहिलं, की त्या समाजातल्या बाईचा हप्ता हा चित्रपटाचा विषयच वाटेनासा होतो. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

शिवाय भेटेल तो तिला रॉबर्ट रॉड्रिगेझची गोष्ट सांगतो. टेक्सासचा तरुण, सुमारे ७,००० डॉलरमध्ये केलेला 'एल मारियाची', स्पॅनिश व्हिडिओच्या बाजारात विकायला म्हणून लॉस एंजेलिसला गेला आणि कोलंबिया पिक्चर्सने चित्रपट घेतला. १९९२ची गोष्ट, आणि खरी. पण थिएटरात लावण्याजोगी प्रिंट आणि ध्वनी करायला स्टुडिओने त्या रकमेच्या कितीतरी पट खर्च केला, हा भाग सांगणारे सोडून देतात. कमी पैशात चित्रपट होतो हे ऐकवण्यासाठी ती गोष्ट वापरली जाते. तिच्या बजेटमध्ये कॅमेरामनचं मानधन होतं, बाईंच्या घरी शूटिंगच्या दिवशी होणाऱ्या जेवणाचा खर्च होता, भाषांतराचा होता. त्यातला कुठलाच आकडा तिने टेबलासाठी कमी केला नाही.

तिची वेळ दुपारच्या जेवणानंतरची होती, सगळ्यांत वाईट. आदल्या दिवशीच्या तालमीत तिला आकडेवारी काढून टाकायला सांगितलं होतं. तिने तीन वाक्यांत करार समजावला, 'शेवटचा हप्ता फिटेपर्यंत जमीन तिची नाही' या वाक्यावर थांबली आणि ट्रेलर लावायची खूण केली. डब्याच्या शॉटला मी पडद्याकडे बघतच नव्हतो, टेबलाकडे बघत होतो. दोघे फोनवर होते. रबरबँड तुटला तेव्हा त्यातल्या एकाने मान वर केली.

पहिला प्रश्न आला तो युरोपातल्या एका वाहिनीचा : या बाईंकडे कागदपत्रं आहेत का, आमच्या प्रेक्षकाला स्थलांतराचा धागा लागेल. कोलोनियांत राहणाऱ्यांपैकी बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक आहेत. ती शांतपणे म्हणाली, "त्यांचा जन्म टेक्सासचा. कागद हवाय तो जमिनीचा." दुसऱ्याने विचारलं, वकील किंवा कार्यकर्ता असं कुणी पात्र आहे का, म्हणजे प्रेक्षकाला सोबत होईल. ती म्हणाली, नाही. निर्माता काहीतरी जोडायला पुढे सरकला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला तिथे भीती वाटली, कारण त्या टेबलावर नुसतं 'नाही' म्हटलं की पुढचा माणूस कागद उलटतो.

मग टेबलाच्या लांबच्या बाजूने एका बाईंनी विचारलं. कागदावरच्या फोटोत त्या होत्या, पण आम्ही त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. अमेरिकेतल्या एका अनुदान संस्थेतर्फे आल्या होत्या. प्रश्न एवढाच : हप्ते किती राहिलेत?

चौदा, ती म्हणाली. नियमित भरले तर पुढच्या उन्हाळ्यात संपतील. पण बाई सफाईचं काम करतात, कधी महिना चुकतो, तेव्हा नक्की सांगता येत नाही. अनुदान संस्थेच्या बाईंनी पुन्हा विचारलं, चुकला तर तुम्ही तिथे असाल का, आणि त्यासाठी बजेटमध्ये तरतूद आहे का? तरतूद नव्हती. आम्ही चौदा महिन्यांचं शूटिंग सरळ रेषेत धरलं होतं.

टेबलावर कुणी चेक फाडत नाही. जे व्हायचं ते नंतर, वीसेक मिनिटांच्या समोरासमोरच्या भेटींत आणि पुढे कित्येक महिने चालणाऱ्या ईमेलमध्ये होतं. युरोपच्या वाहिनीने रफ कट पाठवा म्हणून कार्ड दिलं. अनुदानवाल्या बाईंनी बजेट सुधारून मागितलं. त्या रात्री हॉटेलच्या लॉबीत आम्ही तिघे शूटिंगचं वेळापत्रक नव्याने मांडत बसलो. कॅमेरामनला महिन्याच्या करारावर न ठेवता बोलावलं की येण्याच्या बोलीवर घ्यायचं. चुकलेल्या प्रत्येक हप्त्यामागे दोन दिवसांचं शूटिंग, असे चार हप्ते धरून. दिग्दर्शिकेने बाईंना फोन लावून या महिन्याचा भरला का ते विचारलं, आणि निर्मात्याने राहिलेल्या हप्त्यांचा आकडा बजेटच्या पहिल्या ओळीत टाकला.