पांढरा डाग काय सांगतो?

भज्यांच्या पुड्याचा कागद उजेडासमोर धरून पाहा. जेथे तेलाचा डाग पडला आहे तेथून प्रकाश अधिक आरपार येतो. असे का व्हावे? कागद म्हणजे सूक्ष्म तंतूंची दाट जाळी. तंतू स्वतः पारदर्शकच असतात, पण त्यांच्यामधील फटींत हवा असते. तंतूंचा अपवर्तनांक सुमारे १.५, हवेचा १. त्यामुळे तंतू आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर प्रकाशकिरण वळतात, परततात व सर्व दिशांना विखुरले जातात. यालाच प्रकाशाचे विकिरण म्हणतात. सगळेच रंग सारखे विखुरले गेल्यामुळे कागद पांढरा दिसतो. फटींत तेल शिरले की १.५ च्या शेजारी १.४७ येते, सीमा जणू पुसल्या जातात आणि कागद अर्धपारदर्शक होतो. खडीसाखरेचा स्वच्छ खडा कुटल्यावर पांढरा होतो, त्याचेही कारण हेच. अखंड खड्याला सीमा थोड्या असतात, चुऱ्याला असंख्य.

या साध्या नियमावर स्त्रियांची एक महत्त्वाची वैद्यकीय तपासणी आधारलेली आहे. तिला लागते ते ३ ते ५ टक्के तीव्रतेचे ॲसेटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरातले व्हिनेगरच. शिवाय कापसाचा बोळा, चांगला दिवा आणि पारखी नजर. तपासणी आहे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. हे आकडे अधिकच खटकतात, कारण इतकी आगाऊ सूचना देणारे कर्करोग फार थोडे आहेत.

गर्भाशयाचा खालचा, योनिमार्गात उघडणारा निमुळता भाग म्हणजे गर्भाशयमुख. तेथे बाहेरचे चपट्या पेशींचे अनेक थरांचे अस्तर आणि आतले उभ्या पेशींचे एकेरी अस्तर एकमेकांना मिळतात. रोगाची सुरुवात बहुधा या सांध्यापाशी होते. मूळ कारण मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एच.पी.व्ही. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये या कर्करोगाच्या पेशींत त्याचे १६ व १८ क्रमांकाचे प्रकार दाखवून दिले. २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शारीरिक संबंधातून पसरतो आणि तो इतका सर्वत्र आढळतो की बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हा तरी त्याची लागण होतेच. तेव्हा लागण झाली म्हणून कोणाच्या चारित्र्याचा हिशेब मांडणे हे निव्वळ अज्ञान होय. बहुतेकींच्या शरीरातून तो एकदोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. थोड्या जणींत मात्र तो ठाण मांडून बसतो. पेशींत हळूहळू विकृती येते आणि तिचे कर्करोगात रूपांतर व्हायला साधारणपणे १५ ते २० वर्षे लागतात. एवढ्या काळात दुखत नाही, खुपत नाही. अवेळी रक्तस्राव सुरू होतो तोवर रोग बहुधा पुढे गेलेला असतो.

या मधल्या वर्षांतच व्हिनेगर उपयोगी पडते. निरोगी चपट्या पेशींचे केंद्रक लहान व विरळ असते. त्यांचे अस्तर बरेचसे पारदर्शक असल्याने प्रकाश त्यातून खालच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतो. तेथे रक्तातील हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश शोषून घेते, उरलेला परत येतो आणि गर्भाशयमुख गुलाबी दिसते. विकृत पेशींची केंद्रके मोठी झालेली असतात व दाटीवाटीने बसलेली असतात. त्यांवर ॲसेटिक आम्ल लावले की पेशींतील पाणी कमी होते आणि केंद्रकातील प्रथिने साकळतात. अंड्याचा पारदर्शक बलक-भोवतालचा द्रव उकडल्यावर पांढरा होतो, तसाच काहीसा हा प्रकार. आता पेशींच्या आत जागोजागी अपवर्तनांक बदलू लागतो, म्हणजे नव्या सीमा तयार होतात. तेलाने कागदाचे जे केले त्याच्या नेमके उलट येथे घडते. प्रकाश खाली रक्तापर्यंत न पोहोचता वरच्या वरच विखुरला जाऊन परत फिरतो आणि मिनिटभरात त्या जागी पांढरा डाग उमटतो. उकडलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही. हा डाग मात्र काही मिनिटांनी विरून जातो. म्हणून पाहायचे ते वेळेवर पाहावे लागते.

डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला, असे मुळीच नाही. साधा दाह असला तरीही डाग उमटू शकतो. पुढे तपासायला हवे, एवढेच तो सांगतो.

डाग ओळखायला डॉक्टरच हवा का? टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा करण्यात आली. ती करणाऱ्या होत्या प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. त्या डॉक्टर नव्हत्या की परिचारिकाही नव्हत्या. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: तपासलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. दुसऱ्या गटाला केवळ आरोग्यशिक्षण देऊन तपासणीविना ठेवले, यावर पुढे टीका झाली. ती मला रास्त वाटते. परंतु निष्कर्षाचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. सारे काही पाहणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असते. शिवाय पाळी थांबल्यावर तो सांधा आत सरकतो व दिसेनासा होतो. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा असाच अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. तेथे व्हिनेगरच्या एकाच तपासणीने मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही, पण विषाणूचा डी.एन.ए. शोधणाऱ्या एकाच चाचणीने ते जवळजवळ निम्म्यावर आले. हा विषाणू अवघा ५५ नॅनोमीटरचा. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसणे शक्यच नाही. त्याची ओळख रसायनांनीच पटवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये पहिली पसंती या चाचणीला दिली. ती महाग पडते, म्हणून व्हिनेगर अजून निवृत्त झालेले नाही.

विकृत भाग सापडला आणि तो लहान असला, तर उपायातही पदार्थविज्ञानच भेटते. दाबाखालचा नायट्रस ऑक्साइड वायू बारीक छिद्रातून एकदम प्रसरण पावला की अतिशय थंड होतो. हाच जूल-थॉमसन परिणाम. त्याने गारठलेले धातूचे टोक विकृत भागावर तीन मिनिटे टेकवतात, पाच मिनिटे वितळू देतात व पुन्हा तीन मिनिटे गोठवतात. पेशींत बर्फ होऊन त्या मरतात आणि तेथे नवे निरोगी अस्तर येते. बहुधा भूलही द्यावी लागत नाही.

विषाणूला आधीच अडवणारी लसही आहे. पहिली लस २००६ मध्ये आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या भारतीय लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. लागण होण्यापूर्वी, म्हणजे ९ ते १४ या वयात, ती घेणे सर्वांत उपयुक्त ठरते. झालेली लागण मात्र ती बरी करीत नाही, आणि रोगकारक विषाणूंचे सर्व प्रकारही तिच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करून घ्यायची असते, आणि तिच्या आईला तर तपासणीच हवी. २०१६ मध्ये ठरलेल्या राष्ट्रीय योजनेनुसार तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी ही तपासणी सरकारी आरोग्यसेवेत करावयाची आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती कोणत्या दिवशी होते, याची चौकशी आशा कार्यकर्तीकडे करता येते.