छायाचित्राची मावळती कड

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडील उमरखेड तालुक्यात, पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्ह्याची हद्द लागते अशा मुलखात, ढाणकी हे नगरपंचायतीचे गाव आहे; आणि अशा गावांतील फोटो स्टुडिओंचा कारभार लग्नसराईवर चालत असला, तरी त्यांची खरी कसोटी लागते ती घरातील वडीलधारे माणूस गेल्यावर. तेरवीच्या आत भिंतीवर लावण्याजोगी तसबीर हवी असते, पेट्या-कपाटे धुंडाळली जातात, आणि हाती लागतो तो बहुधा कुणाच्या तरी लग्नातील समूहफोटो. "भाऊ, यातले फक्त आमचे बाबाजी काढून द्या," एवढीच मागणी असते. परंतु बाबाजींच्या डाव्या खांद्यावर व्याह्यांचा हात असतो, उजवीकडे कुणाचा तरी अर्धा कोट असतो, आणि मागे मांडवाचे कापड असते. कारागिराने माणूस कोठे संपवावा आणि परिसर कोठे सोडावा, हा त्या कामातील मुख्य निर्णय होय.

कात्रीने कापल्यासारखी स्पष्ट कड काढली, तर पाहणाऱ्याची दृष्टी चेहऱ्यावर न स्थिरावता त्या कडेवरच अडखळते. पांढऱ्या फेट्याचा सुटलेला पदर, मिशीचे टोक, कानावरील विरळ केस ही जी माणसाची ओळख, तीच कटिंगमध्ये प्रथम नष्ट होते. उलट छातीच्या खाली आणि खांद्यांच्या बाजूंना चित्र हळूहळू पांढऱ्यात विरत नेले, तर व्याह्यांचा हात कोणीही न कापता आपोआप मावळतो. मला ही रीत अधिक सभ्य वाटते, कारण तीत त्या माणसाच्या शेजाऱ्यांना हाकलून दिल्याचा भास होत नाही.

ही रीत संगणकाने आणलेली नाही. मुंबईत 1854 साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, पुढील वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, आणि हरिश्चंद्र चिंतामण व डॉ. नारायण दाजी यांच्यासारख्या एतद्देशीयांनी ही विद्या आत्मसात केली. त्याच काळात जगभर प्रचार पावलेल्या छोट्या व्यक्तिचित्रांत चेहरा लंबगोलात ठेवून भोवताल विरवण्याची प्रथा रूढ होत गेली. त्यासाठी पुठ्ठ्याला लंबगोल भोक पाडून त्याची कड करवतीसारखी दातेरी करीत, आणि त्यावर पातळ टिश्यू कागद चिकटवून त्यातून प्रकाश घेत. पुढे एन्लार्जर आल्यावर डार्करूममधील कारागीर तोच पुठ्ठा हातात धरून प्रकाशाखाली सतत हलवीत राही. हात थांबला की कागदावर भोकाची रेषा उमटे.

फोटोशॉपमधील 'फेदर' ही त्या हलत्या हाताचीच गणिती आवृत्ती आहे. थॉमस आणि जॉन नोल या बंधूंचे हे सॉफ्टवेअर 1990 साली बाजारात आले, आणि फुकट मिळणारे गिम्प 1996 साली. लंबगोल सिलेक्शन करून फेदरची संख्या दिली, की रेषेवर चित्र बरोबर निम्मे उरते आणि तेथून आत व बाहेर दोन्हीकडे क्रमाने बदलत जाते. म्हणून रेषा फोटोच्या काठाला भिडवू नये. बाहेरचा उतार मावण्यास जागा उरली नाही, तर मऊ कड एका बाजूस एकदम तुटलेली दिसते. दुसरी बाब संख्येची. 40 पिक्सेलचा फेदर 600 पिक्सेल प्रतिइंच स्कॅन केलेल्या फोटोत जेमतेम पावणेदोन मिलिमीटर भरतो, तर मोबाइलवरून आलेला फोटो 100 पिक्सेल प्रतिइंचाने छापला तर तोच एक सेंटिमीटर होतो. एकाचा आकडा दुसऱ्याला लावणारा कारागीर म्हणूनच फसतो.

त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे इरेजर हाती न घेणे. 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून फोटोशॉपमध्ये लेयर आले. लेयरवर मास्क चढवला, की त्यावरील पांढरा भाग चित्र दाखवतो, काळा झाकतो, आणि करडा त्याच्या छटेप्रमाणे अर्धवट दाखवतो; मूळ चित्राचा एकही कण नष्ट होत नाही. खांद्यापाशी मोठा मऊ ब्रश, केसांपाशी बारीक ब्रश, असा फरक ठेवून मास्कवर सावकाश काम केले, म्हणजे एकाच तसबिरीत चेहऱ्याची कड स्पष्ट आणि वस्त्रांची कड विरलेली ठेवता येते. सर्वत्र एकच फेदर मारला, की चेहरा धुक्यातून उगवल्यासारखा दिसतो, आणि तो दोष मी फार ठिकाणी पाहिला आहे.

अनियमित कडांचे शास्त्र वेगळे. क्यू हे बटण दाबून क्विक मास्कमध्ये जावे, तेथे स्पॅटर किंवा रिपल हा फिल्टर द्यावा, आणि परत यावे. सरळ रेषा शिंतोड्यांची किंवा लाटांची होते. गिम्पमध्ये फझी बॉर्डर नावाची तयार सोयही आहे. तथापि यंत्राने केलेली अनियमितता थोड्याच वेळात नियमित भासू लागते. पुण्यात 1940 साली स्थापन झालेल्या हातकागद संस्थेच्या कागदासारखा, तंतूंची ओबडधोबड कड असलेला कागद काळ्या पार्श्वभूमीवर ठेवून स्कॅन करावा आणि तीच प्रतिमा मास्क म्हणून वापरावी. कोठे एक तंतू बाहेर आलेला, कोठे लगदा विरळ राहिलेला, असे जे वैचित्र्य त्यात असते, ते कोणत्याही फिल्टरच्या आवाक्याबाहेरचे आहे. मात्र ही कड यात्रेच्या, पोळ्याच्या, शेताच्या फोटोंना शोभते. दिवंगतांच्या तसबिरीला ती लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायचा असल्यास आणखी एक दक्षता हवी. सामान्य फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 च पायऱ्या असतात; कडेचा उतार 2,560 पिक्सेल लांब झाला, तर प्रत्येक पायरी 10 पिक्सेल रुंद होऊन पट्टे दिसू लागतात. किंचित नॉइज मिसळला की ते लपतात. विरलेली कड रंगीत पार्श्वभूमीवर बसवायची तर फाइल पीएनजीत द्यावी, कारण जेपेगमध्ये पारदर्शकता टिकत नाही आणि बाबाजींभोवती पांढरा चौकोन उभा राहतो. आणि ज्या जुन्या फोटोवरून हे काम केले, त्याची लहरी कातरलेली पांढरी किनार, कोपऱ्यांची झीज, कडेचे डाग यांसह एक स्वतंत्र स्कॅन जसाच्या तसा जपावा. मागे कुणी शाईने लग्नाची मिती व नावे लिहिली असतील, तर ती बाजूही स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवावी.