कारवानचा भार आणि गाडीचे पाटे

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कारवान पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून, फोर-व्हील ड्राइव्ह गाडीमागे निवासी ट्रेलर जोडून हिवरखेडहून नरनाळा किंवा चिखलदरा गाठावा, असे मनसुबे रचणाऱ्या हौशी मंडळींनी आधी गाडीच्या पाट्यांचा विचार करावा.

दीड हजार किलोच्या ट्रेलरचा सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे दीडशे किलो, हुकावर येतो. आणि हूक मागील आसाच्याही पलीकडे असल्यामुळे तरफेच्या न्यायाने मागच्या पाट्यांवर त्याहून अधिक भार पडून पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग सैल वाटते, हेडलाइट आभाळाकडे पाहू लागतात. त्यात आपल्या वऱ्हाडातील काळी जमीन पावसात फुगून उन्हाळ्यात आक्रसत असल्याने रस्ते लाटांसारखे होतात आणि शॉकॲब्सॉर्बर तापून निकामी होतात.

मिस्त्री बहुधा जादा पाटा टाकण्याचा सल्ला देतो. त्याने गाडीची मागची बाजू उचलली जाते खरी, परंतु पुढच्या चाकांचा गेलेला भार परत येत नाही, आणि ट्रेलर सोडल्यावर रिकामी गाडी हाडे खिळखिळी करते! भार पुढे वळवणारा हूक अधिक उपयोगी. मात्र जड सामान ट्रेलरच्या आसावरच ठेवावे, कारण ते मागे गेल्यास ट्रेलर डोलू लागतो.

निघण्यापूर्वी गाडीच्या दोन्ही आसांचे वजन धर्मकाट्यावर अवश्य करून घ्यावे.