बंद दारांपुढची दोन वर्षे

अठरा-एकोणीस हे आपल्याकडे परीक्षांचे वय मानले जाते. बारावीचे गुण, प्रवेशाच्या याद्या आणि पुढील नोकरीची चिंता यांत साऱ्या घराचे लक्ष गुंतलेले असते. अमेरिकेच्या युटा राज्यातून जगभर पसरलेल्या एका धर्मपंथात मात्र याच वयाचा मुलगा शिक्षण बाजूला ठेवून दोन वर्षांसाठी घर सोडतो. कोणत्या देशात जायचे हे तो ठरवीत नाही. ते पंथाचे वरिष्ठ ठरवितात. पगार मिळत नाही. उलट खर्चाचा भार त्याच्या घरच्यांनी किंवा त्याने स्वतः साठविलेल्या पैशातून उचलायचा असतो. आणि काम असे की, दिवसातून अनेकदा कोणीतरी आपल्या तोंडावर दार लावून घेणार, हे त्याला आधीपासून ठाऊक असते. २०२४ च्या अखेरीस असे सत्तर हजारांहून अधिक प्रचारक जगाच्या पाठीवर वावरत होते. इतक्या तरुणांच्या आयुष्यातील दोन वर्षे ज्या कामी लागतात, त्या कामाचे खरे फलित कोणते, हा प्रश्न त्या पंथापुरता मर्यादित नाही.

या पंथाचे प्रचलित नाव मॉर्मन. ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे त्याचे अधिकृत नाव असून तेच वापरावे, असा आग्रह पंथाने २०१८ पासून धरला आहे. जोसेफ स्मिथ याने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. बायबलच्या जोडीने ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथही पंथ पवित्र मानतो. १८४४ साली जमावाने स्मिथची हत्या केली आणि १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंगच्या नेतृत्वाखाली त्याचे अनुयायी सॉल्ट लेकच्या वैराण खोऱ्यात येऊन वसले. ज्या बहुपत्नीत्वामुळे हा पंथ जगात गाजला, ती प्रथा त्याने १८९० मध्ये अधिकृतरीत्या सोडली. आज सर्वसामान्य माणसाला पंथाची ओळख होते ती पांढरा सदरा, गळ्यात टाय आणि छातीवर काळी नामपट्टी लावून जोडीने फिरणाऱ्या या तरुणांमुळेच.

महाराष्ट्राला मिशनरी नवीन नाहीत. विल्यम कॅरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनने १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ चालविले. ही माणसे येथे आयुष्य घालविण्यासाठी आली होती. मॉर्मन पंथाचा ह्यू फिंडले हा प्रचारकही १८५२ साली मुंबईत उतरला व पुढे पुण्यात राहिला. परंतु हाती लागली ती मूठभर माणसे, आणि काही वर्षांतच तो प्रयत्न आवरता घ्यावा लागला. कॅरी आणि आजचा मॉर्मन तरुण यांच्यातील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. हा तरुण धर्मगुरू नसतो, विद्वानही नसतो. शेतकऱ्याचा, शिक्षकाचा किंवा दुकानदाराचा तो मुलगा असतो आणि मुदत संपली की आपल्या नेहमीच्या आयुष्यात परततो. पुरुषांसाठी ही मुदत २४ महिन्यांची, तर स्त्रियांसाठी १८ महिन्यांची आहे. किमान वय २०१२ साली मुलांसाठी १९ वरून १८ वर आणि मुलींसाठी २१ वरून १९ वर आणण्यात आले. त्यानंतर या कार्यात मुलींची संख्या लक्षणीय वाढली.

जपानमधील दिनक्रम

या जीवनाचे स्वरूप जपानमध्ये विशेष स्पष्ट दिसते, कारण तेथे अडचणी मोठ्या आणि यश अल्प. हिबर ग्रँट यांच्यासह चार प्रचारक ऑगस्ट १९०१ मध्ये योकोहामा बंदरात उतरले. त्यांतील आल्मा टेलर नुकताच एकोणीस वर्षांचा झाला होता. दोन-तीन वर्षांसाठी गेलेला हा मुलगा जपानमध्ये सुमारे साडेआठ वर्षे राहिला आणि त्याने ‘बुक ऑफ मॉर्मन’चे जपानी भाषांतर पुरे केले, १९०९ साली ते प्रसिद्ध झाले. तथापि १९२४ मध्ये हे केंद्र बंद करावे लागले, तेव्हा तेवीस वर्षांत बाप्तिस्मा घेतलेल्यांची एकूण संख्या दोनशेच्याही आत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, काम पुन्हा सुरू झाले. आज पंथाच्या दप्तरी जपानमध्ये सव्वा लाखाहून अधिक सभासद असले, तरी बारा कोटींवर लोकसंख्येच्या देशात हे प्रमाण हजारी एक इतकेच पडते.

जपानला निघालेला अमेरिकन तरुण प्रथम युटातील प्रोव्हो येथील प्रशिक्षण केंद्रात सुमारे दोन महिने जपानी भाषेचे धडे गिरवितो. तेवढ्या पुंजीवर तो ओसाका किंवा सेंदाईच्या एखाद्या उपनगरात येऊन पडतो. सकाळी साडेसहाला उठणे, अर्धा तास व्यायाम, न्याहारी, मग एकट्याचा अभ्यास, सोबत्याबरोबरचा अभ्यास, भाषेचा अभ्यास. त्यानंतर सायकल काढून बाहेर पडणे. रात्री नऊच्या सुमारास परत येऊन दुसऱ्या दिवसाची आखणी करणे आणि साडेदहाला दिवे मालविणे, असा हा क्रम. २०१७ पासून त्यात स्थानिक सोयीनुसार थोडी सैलता आली असली, तरी त्याचा गाभा तोच आहे. चित्रपट, दूरदर्शन, प्रेमप्रकरण हे सर्व वर्ज्य. आठवड्यातून एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट आणि घरी पत्र लिहिणे यांसाठी मोकळा मिळतो. कित्येक वर्षे घरच्यांशी दूरध्वनीवर बोलण्याची मुभा वर्षातून केवळ दोनदा, नाताळात आणि मातृदिनी, असे. फेब्रुवारी २०१९ पासून ती आठवड्याला मिळू लागली. खर्चाचीही शिस्त ठरलेली आहे: अमेरिकन प्रचारकाच्या नावे दरमहा भरावयाची रक्कम जुलै २०२० मध्ये ४०० डॉलरवरून ५०० डॉलर झाली, आणि मुलगा महागड्या तोक्योत असो वा स्वस्त गावात, ती तेवढीच राहते.

कामाचे स्वरूप वरकरणी साधे आहे. घरोघर जाणे, स्थानकाबाहेर लोकांशी बोलू पाहणे, पूर्वी कधी सभेला आलेल्यांची विचारपूस करणे, इंग्रजी संभाषणाचे मोफत वर्ग चालविणे. अलीकडे त्यात मोबाइलवरून चालणाऱ्या संपर्काची भर पडली आहे. मात्र नवख्याची पहिली अडचण धर्माची नसून भाषेची असते. जपानी गृहिणी ‘केक्को देस’ म्हणते. शब्दशः पाहता त्यात ‘छान आहे’ असा भाव येतो. व्यवहारात त्याचा अर्थ ‘नको’ असा असतो. शब्दकोशाच्या आधाराने चालणारा मुलगा पहिल्या आठवड्यात या उत्तराने हुरळून गेला, तर नवल नाही. सौजन्याच्या कोणत्या छटेत नकार दडला आहे, हे त्याला पुस्तकातून नव्हे, दारातून शिकावे लागते.

चहाची गोष्ट तशीच. पंथात चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू निषिद्ध आहेत. जपानचा हिरवा चहाही त्यातून सुटत नाही. ज्या देशात पाहुण्यापुढे चहाचा पेला ठेवणे हा स्वागताचा पहिला संकेत, तेथे पहिलाच संकेत नाकारायचा आणि तरीही यजमानाचे मन मोडू द्यायचे नाही, हा प्रसंग वारंवार येतो. भाजलेल्या सातूचा काढा म्हणजे ‘मुगिचा’ चालतो, हे ठाऊक झाल्यावर दोन्ही पक्षांची सुटका होते. या मुलांना पंथात ‘एल्डर’ म्हणतात. जपानीत त्यासाठी ‘चोरो’ म्हणजे वयोवृद्ध असा शब्द योजिला आहे. वयाला एवढा मान देणाऱ्या समाजात, मिसरूड न फुटलेल्या मुलाच्या छातीवर ‘वयोवृद्ध’ अशी पाटी असावी, यातील विनोद जपानी माणसाच्या नजरेतून सुटत नसावा.

सोबत की पहारा?

या जीवनातील सर्वांत कठीण भाग कदाचित रस्त्यावरचा नसून खोलीतला आहे. प्रचारकाने एकट्याने राहायचे नाही, असा दंडक आहे. सोबती वरिष्ठांनी नेमून दिलेला असतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो बदलतो. स्वभाव जुळोत वा न जुळोत, चोवीस तास त्याच्याबरोबर काढावे लागतात. येशूने आपल्या शिष्यांना दोघादोघांनी पाठविले, या बायबलमधील वृत्तान्ताचा आधार या प्रथेला आहे. बुद्धाने आपल्या पहिल्या भिक्षूंना धम्मप्रसारासाठी पाठविताना नेमके उलट सांगितले होते: एका वाटेने दोघांनी जाऊ नये. भिक्षूच्या प्रगल्भतेवर बुद्धाचा भरवसा होता, कारण ते भिक्षू सिद्धावस्थेला पोचलेले होते. अठरा वर्षांच्या मुलाबाबत तसा भरवसा धरता येत नाही. म्हणून येथे सोबती हा आधारही असतो आणि पहारेकरीही. न निवडलेल्या माणसाबरोबर नांदण्याची ही सक्ती काहींना समंजस करते, तर काहींना आतून झिजविते.

तेव्हा मुळातला प्रश्न असा की, या साऱ्या खटाटोपाचे मोजमाप कशाने करावयाचे? बाप्तिस्म्यांच्या आकड्यांनी ते केले, की काय होते, हे पंथाच्याच इतिहासात नोंदलेले आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये बेसबॉलच्या संघात घेण्याच्या निमित्ताने पोरसवदा मुलांना घाईघाईने बाप्तिस्मा दिला गेला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तोक्योतही असाच वेग धरण्यात आला. रस्त्यात भेटलेल्या तरुणांची अल्पावधीत दीक्षा उरकली जाई. कागदोपत्री सभासद फुगले. प्रत्यक्षात त्यांतील बहुसंख्य पुन्हा प्रार्थनामंदिराकडे फिरकले नाहीत. ज्यांना दीक्षा दिली त्यांचा तर यात अवमान झालाच. पण ज्यांच्याकडून ती देवविली, त्या मुलांचाही झाला. श्रद्धेच्या नावाखाली त्यांना विक्रेत्याचे काम दिले गेले होते.

याउलट, ज्यांच्या वाट्याला केवळ नकार आले, त्यांच्या दोन वर्षांचा हिशेब वेगळा निघतो. २०१२ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढविणाऱ्या मिट रॉम्नी यांनी १९६६ ते १९६८ ही वर्षे फ्रान्समध्ये अशीच दारोदार हिंडण्यात घालविली; द्राक्षासवाच्या त्या देशात त्यांचा मद्यनिषेध कोणाला रुचणार होता? तरीही असे तरुण परततात तेव्हा एक परकीय भाषा त्यांच्या जिभेवर असते. अपमान न गिळता आणि उलट न फेकता तो सोसण्याची सवय अंगी असते. स्वतःचा स्वयंपाक, स्वतःचे कपडे, स्वतःचा हिशेब त्यांनी सांभाळलेला असतो. जपानला बदलण्यासाठी गेलेला मुलगा पुष्कळदा स्वतःच थोडा जपानी होऊन परत येतो. धर्मांतर होते, पण ते प्रचारकाचे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

तथापि या हिशेबाला दुसरी बाजू आहे, आणि ती लपविण्याचे कारण नाही. मुलांच्या बाबतीत ही सेवा पंथ कर्तव्य मानतो. न जाणाऱ्याकडे समाज वेगळ्या नजरेने पाहतो. आजारपणाने किंवा मनाच्या खिन्नतेने मुदतीआधी परतलेल्याला तर आपल्याच गावात मान खाली घालून वावरावे लागते. ज्या व्रतातून बाहेर पडण्याची किंमत इतकी मोठी असते, ते पूर्णांशाने स्वेच्छेचे म्हणता येईल काय? दारातील जपानी गृहिणीला ‘नको’ म्हणण्याचा निर्विवाद हक्क आहे. १९४७ मध्ये अमलात आलेल्या जपानच्या राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्याची हमी दिली आहे. पण दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाला तोच हक्क त्याच्या घरी तितक्याच निर्धास्तपणे बजावता येतो, असे म्हणवत नाही. घरी बोलण्याची मुभा देऊन, वेळापत्रक सैल करून पंथाने अलीकडे काही कठोरपणा कमी केला, हे खरे. तरी अर्ध्यावर परतलेल्याचे सन्मानाने स्वागत करण्याची रीत रुजेपर्यंत ही सुधारणा अपुरीच राहणार.

धर्मप्रसाराविषयी वाचकांची मते भिन्न असतील, आणि आपल्या दारी आलेल्याला नम्रपणे निरोप देण्यास कोणीही मोकळा आहे. परंतु त्या तरुणाच्या शिदोरीत जे असते, त्यातील काही भाग कोणत्याही धर्माच्या मालकीचा नाही. परक्या भाषेत अडखळत बोलणे, न निवडलेल्या सोबत्याबरोबर राहणे, नकार ऐकूनही दुसऱ्या दारी त्याच सौजन्याने जाणे, हे शिक्षण कोणत्याही पाठ्यक्रमात नाही. ते देण्यासाठी दीक्षेची गरज नाही, आकड्यांची तर मुळीच नाही. गरज आहे ती तरुणाला काही काळ अनोळखी माणसांत पाठविण्याची, आणि तो हात हलवीत परतला तरी त्याच्यासाठी घरचे दार उघडे ठेवण्याची.