विंचू उतरवणारी बी.पी.ची गोळी

लाल विंचू जेमतेम दोन-अडीच इंचांचा. नांगीतलं विष थेंबभरही नसतं. तरी १९७०च्या दशकात महाडच्या आसपास तो डसून दवाखान्यात आलेल्या गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीस-चाळीस दगावत, त्यात पोरं पुष्कळ. आणि मरण यायचं कशानं? फुफ्फुसात पाणी होऊन! पायाच्या बोटाला डंख आणि छातीत पूर. ही सांगड घालायला बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसणारा डॉक्टर यावा लागला. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली तिथे रुजू झाले.

त्यांनी पाहिलं ते असं. आधी उलटी, मग दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, बी.पी. चढलेलं. पुढे धाप, खोकला आणि तोंडाला गुलाबी फेस. हाच पल्मनरी इडिमा. नुसत्या कळा मारत असतील आणि घामबिम नसेल तर जिवाला सहसा धोका नसतो.

आत घडतं ते अजबच. विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं, नसा थांबायचं नावच घेत नाहीत आणि शरीर आपल्याच अ‍ॅड्रेनलिनने भरून जातं. रक्तवाहिन्या आवळतात. पुढचा व्हॉल्व्ह बंद असताना शेतावरचा पंप चालू ठेवावा, तशी हृदयाची गत होते. ते थकतं, रक्त मागे तुंबतं आणि त्यातलं पाणी फुफ्फुसात झिरपतं. अशा हृदयाला जोर देणारं डिगॉक्सिन देऊन काय होणार?

उतारा निघाला तो प्राझोसिन, रक्तदाबाची एक स्वस्त गोळी. ती अल्फा ब्लॉकर आहे: अ‍ॅड्रेनलिनचा हुकूम रक्तवाहिन्यांपर्यंत पोचू देत नाही. वाहिन्या सैल पडतात, हृदयावरचं ओझं उतरतं. विषाशी तिचं काही देणंघेणं नाही, मला तर हेच मोठं नवल वाटतं. १९८२ मध्ये ही लक्षणं आणि १९८६ मध्ये हा उपचार, दोन्ही ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. मृत्यूंचं प्रमाण दोन-चार टक्क्यांवर उतरलं. बावस्करांना पद्मश्री मिळाली ती २०२२ मध्ये. बरीच उशिरा, म्हणायला हरकत नाही.

पुढे विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही आलं. बावस्कर दांपत्याने २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिलं, की प्रतिविष आणि प्राझोसिन जोडीने दिल्यास रुग्ण नुसत्या गोळीपेक्षा लवकर सावरतो. मात्र गोळीनंतर त्याला आडवंच ठेवायचं. एकदम उठवलं तर बी.पी. घसरून चक्कर येते.