ओब्रायनचा आवाज

मायकेल रॅडफर्डचा 'नाइन्टीन एटी-फोर' पहिल्यांदा पाहिला, तेव्हा शेवटाकडच्या उंदरांच्या प्रसंगाला मी डोळे गच्च मिटून घेतले होते. मध्ये बरीच वर्षे गेली. अलीकडे तो पुन्हा पाहिला, तेव्हा उंदरांचे फारसे काही वाटले नाही. पण छळाच्या खोलीत रिचर्ड बर्टन बोलत असताना एका क्षणी माझ्या लक्षात आले, की मी मान डोलावतो आहे! विन्स्टन समोर जखडलेला, वेदनेने पिळवटलेला, आणि मी मात्र त्याला छळणाऱ्याच्या बोलण्याला होकार देतो आहे. हे कसे झाले, याचा विचार करता करता आजचे हे बोलणे तयार झाले.

जॉर्ज ऑर्वेलची ही कादंबरी १९४९ साली आली. घराघरात माणसावर नजर ठेवणारा टेलिस्क्रीन, भिंतीभिंतीवर 'बिग ब्रदर'चा चेहरा, आणि जुनी वर्तमानपत्रे सरकारच्या सोयीने बदलून लिहिण्याची नोकरी करणारा विन्स्टन स्मिथ. तो चोरून रोजनिशी लिहितो, ज्युलियाच्या प्रेमात पडतो, आणि पकडला जातो. पकडणारा ओब्रायन म्हणजे ज्याला तो आपला माणूस समजत होता तोच. रॅडफर्डने हा चित्रपट १९८४ सालीच, लंडन आणि परिसरात चित्रित केला. छायालेखक रॉजर डीकिन्सने फिल्म धुताना तिच्यातली चांदी राहू दिली, म्हणून सगळे रंग विटलेले, राखेत लोळवल्यासारखे दिसतात.

बर्टन या चित्रपटात ऐनवेळी आला. ही भूमिका पॉल स्कोफील्ड करणार होता, पण त्याचा पाय मोडला. बर्टन म्हटले की आठवतो तो आवाज. वेल्समधल्या खाणकामगाराचा हा मुलगा. डिलन टॉमसच्या 'अंडर मिल्क वुड' या श्रुतिकेत १९५४ साली बीबीसीवरून तो आवाज घुमला, आणि ज्यांनी बर्टनला कधी पाहिले नव्हते त्यांनाही तो ओळखीचा झाला. रंगभूमीवर हाच आवाज गडगडायचा. इथे मात्र त्याने तो जवळजवळ मिटवून टाकला आहे. ओब्रायन ओरडत नाही, दात-ओठ खात नाही. आजारी पोराच्या उशाशी बसलेल्या बापासारखा तो हळू, थकल्यासारखा बोलतो. यातना वाढवायला सांगतानाही स्वर तोच. खलनायक मोठ्याने हसतो, अशी आपल्याला सवय. इथे छळ करणाराच धीर देतो, आणि काही वेळाने धीर हवा म्हणून विन्स्टन त्याच्याकडेच पाहू लागतो. माझी मान डोलली ती तिथेच.

पण हे एकट्या बर्टनचे श्रेय नव्हे. जॉन हर्टने ऐकण्याचे काम केले नसते तर तो आवाज वाया गेला असता. हर्टचा चेहरा आधीच सुरकुतलेला, खांदे पडलेले. 'द एलिफंट मॅन'मध्ये (१९८०) तो चेहरा जाड मेकअपखाली दडला होता. इथे तो उघडा आहे. ओब्रायन चार बोटे दाखवतो आणि पाच म्हण म्हणतो, तेव्हा हर्टच्या डोळ्यांत नुसती वेदना नसते. खरोखर पाच दिसावीत म्हणून चाललेली एक केविलवाणी धडपड असते. सुझाना हॅमिल्टनची ज्युलिया मोकळी, धीट आहे. तिच्या वाट्याला अजून थोडे यायला हवे होते, असे मला वाटते.

रेडिओवर बोलतो आहे म्हणून आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ऑर्वेल स्वतः १९४१ ते १९४३ या काळात बीबीसीच्या पूर्व विभागात होता. काम काय, तर युद्धकाळात हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करायचे. त्याने इंग्रजीत लिहिलेली वार्तापत्रे भाषांतरित होऊन मराठीतही प्रसारित होत. पुढे 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी लिहिणाऱ्या वेणू चितळे या मराठी बाई तिथे त्याच्या सहकारी होत्या. प्रत्येक संहिता आधी सेन्सॉरच्या नजरेखालून जाई. शब्द कापले जाणे म्हणजे काय, हे त्याने ध्वनिक्षेपकासमोर बसून पाहिले होते. आणि गंमत पाहा, इतकी प्रसारणे करूनही ऑर्वेलच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण उरलेले नाही. १९३७ साली स्पेनमध्ये त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली होती. त्यानंतर तो आवाज कसा होता, हे आपण ऐकू शकत नाही.

चित्रपट पडद्यावर येण्याआधीच, ५ ऑगस्ट १९८४ रोजी बर्टन गेला. वय अवघे ५८. चित्रपट त्यालाच अर्पण केलेला आहे. हर्ट २०१७पर्यंत होता. २००६ साली आलेल्या 'व्ही फॉर व्हेन्डेटा'मध्ये तो हुकूमशहा झाला, भल्यामोठ्या पडद्यावरून खेकसणारा. त्या चेहऱ्यात मी अजून विन्स्टनच शोधत होतो.

शेवटचे दृश्य मात्र हर्टचे एकट्याचे. खानावळीत तो बसला आहे, टेलिस्क्रीनवर 'बिग ब्रदर' आहे. कादंबरीत विन्स्टनचे प्रेम कोणावर उरले, ते ऑर्वेल स्पष्ट सांगतो. चित्रपटात हर्ट पडद्याकडून तोंड फिरवतो, डोळे भरलेले, आणि प्रेमाचे शब्द कुजबुजल्यासारखे ऐकू येतात. ते 'बिग ब्रदर'साठी, की थोड्या वेळापूर्वी तिथून उठून गेलेल्या ज्युलियासाठी? दोनदा पाहूनही मला सांगता येत नाही.