येसरची पुडी आणि मोबाईलमधला बाजार



"ताई, आमचा माल तेवढा ऑनलाइन टाकून द्या." फुलंब्री म्हणा, कन्नड म्हणा, पैठण म्हणा, गटाच्या बैठकीला गेलं की हे वाक्य ऐकायला मिळतंच. यातला "टाकून द्या" हा शब्द मला खटकतो. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात कुणी माल टाकून घरी येत नाही. तिथं जागा धरावी लागते, आवाज द्यावा लागतो, चव दाखवावी लागते, आणि एकदा आलेलं गिऱ्हाईक पुढच्या गुरुवारी आपल्याकडंच वळेल हे बघावं लागतं. मोबाईलमधल्या बाजारातही हेच करावं लागतं. फरक एवढाच की तिथं गिऱ्हाईकाचं तोंड दिसत नाही.

म्हणून आज फोटो कसा काढायचा याच्या आधी गिऱ्हाईक कोण, हे बोलू.

आपल्या भागातल्या येसरचंच उदाहरण घेऊ. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ भाजून, धने-जिरे आणि मसाला घालून दळलेलं हे पीठ. लग्नाघरी येसरची आमटी आपल्याला नवी नाही. पण "सगळ्या भारतात विकू" म्हणून ही पुडी मोठ्या साइटवर ठेवली, तर पंजाबातल्या किंवा केरळातल्या बाईला येसर म्हणजे काय हेच माहीत नाही. ती शोधणार कशाला? उलट चाकणला, रांजणगावला, हिंजवडीला आपल्याच गावची पोरं-सुना कामाला आहेत. त्यांना येसर सांगावं लागत नाही. नाव काढलं की तोंडाला पाणी सुटतं, आणि पुण्याच्या दुकानात ते सहजी मिळत नाही. आपलं पहिलं गिऱ्हाईक तिथं आहे. प्रत्येक सभासदाने आपल्या नात्यातली, गावातली, बाहेर राहणारी पाच घरं आठवून लिहिली, तर बारा जणींच्या गटाकडं साठ घरांची यादी एका बैठकीत तयार होते. जाहिरातीला एक रुपया न घालता.

लिज्जत पापडाची गोष्ट आपण गटात नेहमी सांगतो. 15 मार्च 1959 ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन काम सुरू केलं. त्या गोष्टीतला एक तपशील मात्र आपण गाळतो. पहिल्या दिवशी त्यांनी चार पाकिटं केली, आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला दिली. गिऱ्हाईक एक, पण नक्की. माल त्याच्यापासून वाढत गेला.

आता ही साठ घरं सांभाळायची कशी? त्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप पुरेसं आहे. साध्या व्हॉट्सॲपसारखंच दिसतं आणि फुकट मिळतं. त्यात कॅटलॉग करता येतो, म्हणजे येसर, कुरडई, शेवया, काळा मसाला यांचे फोटो, वजन आणि भाव एकदा भरून ठेवायचे. कुणी "काय काय आहे?" विचारलं की तेच पाठवायचं. गिऱ्हाईकाच्या नावाला खूण लावता येते: नवीन, पैसे बाकी, माल पाठवला. वहीतले रकानेच ते.

ग्रुप मात्र करू नका, असं माझं मत आहे. ग्रुप केला की सकाळी फुलांचे फोटो, दुपारी कुणाच्या तरी भावाचा वाढदिवस, आणि आपला भाव कुठं दिसतच नाही. त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी करा. तुम्ही एकदा लिहायचं, प्रत्येकीला ते वेगळं जाईल आणि तिचं उत्तर फक्त तुम्हालाच दिसेल. एका यादीत 256 नावं बसतात. पण एक अट आहे: ज्यांनी तुमचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये सेव्ह केलाय, त्यांनाच तो निरोप पोचतो. स्टेटसचंही जवळपास तसंच. म्हणून पुडी देताना "माझा नंबर सेव्ह करा" हे तोंडाने सांगायचं आणि पुडीवर छापायचंही. उमेदच्या प्रदर्शनात, मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये आपल्या बायकांचा माल हातोहात जातो. पण स्टॉल उठला की ती गिऱ्हाईकं गेली. पुडीवर नंबर नसेल तर ती बाई पुढच्या महिन्यात आपल्याला शोधणार कुठं?

आता भाव. इथं गट बुडतात, म्हणून जरा सावकाश सांगते. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. अर्धा किलो येसरला धान्य-मसाला 70 रुपये, दळण 5, पाकीट आणि लेबल 12, आपली मजुरी 25. झाले 112. विकायचा भाव ठेवला 160. गावात विकलं तर पुडीमागं 48 उरले. आता हीच एक पुडी पुण्याला पाठवा. खोका आणि चिकटपट्टी 10, कुरिअर 70. खर्च गेला 192 वर. "घरपोच फुकट" असं लिहून बसलात तर प्रत्येक पुडीला 32 रुपये खिशातून. जेवढी विक्री जास्त, तेवढा खड्डा मोठा. इंस्टाग्रामवर लोक "वा ताई" म्हणतात आणि गटाचं खातं रिकामं होत जातं.

तेच गिऱ्हाईक चार पुड्या घेईल तर? विक्री 640. माल 448, खोका 15, कुरिअर 110. खर्च 573, उरले 67. म्हणजे दोन किलोच्या खाली पार्सल करायचं नाही, हा नियम ठरवता येतो. त्याहून बरी युक्ती अशी की एका सोसायटीतली किंवा एका गल्लीतली ओळखीची सून निवडायची. तिने शेजारणींच्या दहा पुड्यांची ऑर्डर गोळा करायची. विक्री 1600, माल 1120, खोका 25, कुरिअर 220, उरले 235. त्यातून तिला एक पुडी फुकट द्या, तरी शंभराच्या वर उरतात. भिशी चालवणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. मोठ्या शहरांतल्या नव्या कंपन्या लाखो रुपये घालून हीच साखळी उभी करतात. आपल्याकडं ती नात्यागोत्यात आधीच आहे.

गिऱ्हाईक ओळखीच्या पलीकडं वाढवायचं तर व्हिडिओ. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी तुमच्यापैकी अनेकींनी यूट्यूबवर पाहिल्या असतील. "आपली आजी" हे त्यांचं चॅनल. सत्तरीतली बाई, शाळा नाही, नातू मोबाईल धरतो आणि आजी स्वयंपाक करते. बोलणं घरचंच. कॅमेऱ्यासमोर शहरी मराठी बोलायचा आव नाही, आणि त्यामुळंच लोक बघतात, असं मला वाटतं. आपल्यालाही अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पुरे. कढईत बाजरी भाजतानाचा तडतड आवाज, जात्यावर किंवा गिरणीत पडणारं पीठ, शेवटी वाफ येणारी आमटी. सकाळच्या उन्हात, ओसरीवर काढा. रात्रीच्या ट्यूबलाइटमध्ये मसाला काळपट दिसतो. आणि खाली गाव, नंबर, भाव लिहा. भाव लपवून "इनबॉक्स करा" लिहिणारी दुकानं मला आवडत नाहीत. बाजारात भाव विचारल्यावर कानात सांगणाऱ्याकडून आपण घेतो का?

त्याच आजींच्या बाबतीत 2020 च्या ऑक्टोबरमध्ये एक गोष्ट घडली, तिची बातमीही आली होती. त्यांचं चॅनल कुणीतरी हॅक केलं. सुदैवाने काही दिवसांत ते परत मिळालं. पण यूट्यूब, इंस्टाग्राम, व्हॉट्सॲप या भाड्याच्या जागा आहेत. मालक वेगळा, कुलूपही त्याचंच.

आमच्या भागातल्या एका गटाचं तर हॅक न होताच गेलं. व्हॉट्सॲपचं खातं एका सभासदाच्या मुलाच्या सिमवर होतं. मुलगा नोकरीला बाहेरगावी गेला, त्याने सिम बदललं, रिचार्जअभावी जुना नंबर बंद पडला. दोन दिवाळ्यांत जमवलेली दीडशेवर गिऱ्हाईकं त्याच्यासोबत गेली. मुलाची चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या वर्षी फराळाचं सामान भरून ठेवलेलं, आणि ऑर्डर विचारायला कुणाचा नंबर नाही. उधारीवर आणलेली डाळ पुढं चार महिने फेडत बसल्या.

हे का होतं तेही बघा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी स्वतः वापरता येईल असा मोबाईल साधारण 54 टक्के जणींकडं होता, आणि इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या तिघींत एक. म्हणजे धंदा आपला आणि फोन घरातल्या दुसऱ्याचा, हे घरोघरी आहे. माझं म्हणणं असं की गटाच्या नावाने एक वेगळं सिम घ्या. त्याचं रिचार्ज गटाच्या खर्चातून करा आणि तसं ठरावाच्या वहीत लिहा. व्हॉट्सॲपमध्ये दोन पायऱ्यांची पडताळणी चालू करून तो सहा आकडी पिन अध्यक्ष आणि सचिव दोघींना माहीत असू द्या, बाकी कुणाला नको. आणि गिऱ्हाईकाचं नाव, नंबर, गाव, कधी काय घेतलं हे दर आठवड्याला कागदाच्या वहीत उतरवा. वही हॅक होत नाही.

मोठ्या साइटचं थोडक्यात. उमेदचं उमेदमार्ट आहे. सरकारी कार्यालयांना माल विकायला 2016 पासून जेम पोर्टल आहे, त्यात 2019 पासून महिलांसाठी वुमनिया हा विभाग आहे. ओएनडीसी नावाची नवी व्यवस्थाही आहे. यूपीआयमध्ये जसे एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवाल्याला पैसे जातात, तसं यात एका ॲपवर ठेवलेला माल दुसऱ्या ॲपवरच्या गिऱ्हाईकाला दिसतो. या सगळ्या दुसऱ्या पायरीच्या गोष्टी. महिन्याला ठरलेला माल, एकाच चवीचा, द्यायची ताकद आली की मगच तिकडं जा. 1 ऑक्टोबर 2023 पासून वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल आणि राज्यातल्या राज्यातच माल विकत असाल, तर अशा साइटवर विकायला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. फक्त पॅनवर एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेर विकायचं तर नोंदणी करावी लागते. खाण्याच्या वस्तूला एफएसएसएआयची नोंदणी मात्र गावात विकलं तरी हवीच. छोट्या व्यवसायाला वर्षाची फी 100 रुपये आहे. तो क्रमांक, वजन, भाव, बनवल्याची तारीख आणि हिरवा ठिपका पुडीवर असू द्या.

ऑर्डर वाढली की भामटेही येतात. "कॅन्टीनसाठी पन्नास किलो पाहिजे, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. चुकून गेलेच तर लाजेने घरात बसू नका, लगेच 1930 ला फोन लावा. जितक्या लवकर लावाल, तितके पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

आणि पार्सल बांधताना खोक्यात एक चिठ्ठी घाला. पुण्यातल्या नव्या सुनेला येसर माहीत असतं, पण आमटी तिच्या सासूने केलेली असते, तिने नाही. किती पिठाला किती पाणी, गुठळ्या होऊ नयेत म्हणून आधी गार पाण्यात कालवायचं, फोडणी कशाची, हे चार ओळींत आपल्या हाताने लिहा आणि झेरॉक्स काढा. आमटी जमली की ती दुसरी पुडी मागवेल, आणि ज्या नंबरवर मागवायची तो चिठ्ठीच्या खालीच असेल.